नालबंदी : घोड्याच्या पायाचा खर्च

घोड्याच्या खुराला ठोकतात त्या लोखंडी पट्टीला आपण नाल म्हणतो. शब्द मूळचा अरबी. अरबीत त्याचा अर्थ वहाण, पायताण. फारसीच्या वाटेने तो मराठीत आला तेव्हा त्याच्यासोबत ‘नालबंद’ हा कारागीर आला आणि ‘नालबंदी’ हा व्यवहारही आला. परदेशात डोंगरवाटांवर फिरवायच्या घोड्यांना आता लोखंडाऐवजी रबरी बूट चढवून पाहतात, हे ऐकून आपल्याकडे हसू येतं. पण शब्दाच्या मूळ अर्थाला तो बूटच जास्त जवळचा आहे.

बूट, नाल की अनवाणी पाय, हे ठरतं मुख्यतः जमिनीवरून. त्यामागोमाग दुसरा प्रश्न येतो : घोड्याच्या पायाचा खर्च कोणी करायचा? आपल्या इतिहासात या दुसऱ्या प्रश्नाची नोंद बरी सापडते.

आधी खुराविषयी थोडं. खूर आपल्या नखासारखाच, केराटिनचा. महिन्याला साधारण 8 ते 10 मिलिमीटर वाढतो. पुढच्या बाजूचा खूर पूर्ण नवा व्हायला जवळजवळ वर्ष लागतं. वाढ आणि झीज यांचा मेळ बसला तर घोडा अनवाणी सुखाने चालतो. झीज कमी झाली तर खूर तासावा लागतो. झीज वाढली की घोडा खड्यावर पाय टाकताना कचरतो, मग लंगडतो. नाल ठोकली की झीज थांबते, वाढ मात्र चालूच राहते. म्हणून दर सहा ते आठ आठवड्यांनी नाल काढायची, खूर तासायचा आणि पुन्हा ठोकायची. हा खर्च घोडा कामावर आहे तोवर संपत नाही.

जमिनीचा फरक बघायला आष्टीचं उदाहरण घेऊ. हे आष्टी जालना जिल्ह्यातलं, परतूर तालुक्यातलं. 1818 साली बापू गोखले जिथे पडले ते आष्टी सोलापूरकडचं. परतूरचा भाग काळ्या जमिनीचा. उन्हाळ्यात ही माती भेगाळते, पावसात पायाला धरते. नांगराच्या बैलाला अशा मातीत पायात काही लागत नाही. तोच बैल गाडीला जुंपून खडीच्या किंवा डांबरी रस्त्याने रोज चालवायचा म्हटलं की पत्र्या मारून घ्याव्या लागतात. बैलाचा खूर दुभंगलेला, म्हणून एका पायाला दोन पत्र्या. त्यासाठी बैलाला आडवा पाडून पाय बांधतात. घोडा मात्र उभाच असतो. नालबंद त्याचा एकेक पाय उचलून मांड्यांत धरतो आणि खुराच्या बाहेरच्या, संवेदना नसलेल्या कडेतून खिळे काढतो. खिळा थोडा आत गेला तर घोडा दुखावतो. सगळं कौशल्य त्या काही मिलिमीटरांत आहे.

याच जिल्ह्यात उत्तरेला असई आहे. 23 सप्टेंबर 1803 रोजी तिथे केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात शिंदे-भोसल्यांची फौज आणि आर्थर वेलस्ली यांची लढाई झाली. वेलस्लीच्या मांडीखालचा एक घोडा मेला, दुसऱ्याला भाला लागला. हे तपशील इंग्रजांनी जपून ठेवले. लढाईच्या वर्णनांत तोफा मोजलेल्या असतात, मेलेले आणि जखमी मोजलेले असतात. नदी उतरून, चिखल तुडवून आलेल्या हजारो घोड्यांच्या पायांकडे कोण बघत होतं, ते त्यात नसतं.

सभासदाच्या बखरीत मात्र नालबंद आहे. शिवाजी महाराजांच्या पागेची रचना सांगताना सभासद पंचवीस बारगिरांवर एक हवालदार सांगतो आणि तेवढ्याच लोकांमागे एक पखालजी आणि एक नालबंद. पाण्याची आणि पायाची सोय पलटणीच्या अगदी खालच्या पायरीवर, हाताशी. पंचवीस घोड्यांचे शंभर पाय होतात. सहा-आठ आठवड्यांच्या चक्राने हिशेब केला तर नालबंदाला रोज दोनेक पाय तरी करावेच लागणार. स्वारीत एखादी नाल निघाली तर ते काम वेगळं. पंचवीस हा आकडा कामाच्या मापाला नेमका बसतो.

बारगिराचा घोडा सरकारी, त्यामुळे नालबंदही सरकारी. शिलेदाराचं तसं नव्हतं. घोडा त्याचा, हत्यार त्याचं. मोहीम दसऱ्यानंतर निघायची. पावसाळा छावणीत काढलेल्या घोड्याचे खूर ओलीने मऊ पडलेले, वाढलेले. ते तासून, नाल ठोकून घोडा वाटेला लावायचा तर हाताशी रोकड हवी. म्हणून मोहिमेआधी शिलेदारांना काही रक्कम आगाऊ दिली जाई. तिचं नाव नालबंदी. त्या पैशातून शिलेदार इतरही तयारी करत असणार. पण नाव पडलं ते नालेवरून. घोडा आमच्या कामासाठी दगडावर चालणार आहे, तेव्हा त्याच्या पायाचा पैसा आधी देतो, अशी ती कबुली होती.

या शब्दाची दुसरी बाजूही आहे. चालून आलेल्या फौजेने लूट करू नये म्हणून गावांनी द्यायची रक्कम, घोडदळाच्या खर्चाच्या नावाखाली घेतली जाणारी पट्टी, यांनाही नालबंदीच म्हणत. एकाच शब्दात देणंही आलं आणि घेणंही. घोड्याच्या पायाचा खर्च शेवटी कोणाच्या तरी अंगावर पडतोच. सत्ता तो कधी स्वतः उचलते, कधी दुसऱ्याच्या माथी मारते.

आता बुटांकडे. खिळ्यांची नाल सर्वत्र रूढ होण्याआधीही लोक घोड्याच्या पायाची काळजी करत होते. ग्रीक लेखक झेनोफनने घोडा बांधायच्या जागी गोल दगड पसरायला सांगितलं, म्हणजे उभ्या उभ्या खूर कणखर होतील. रोमन लोकांकडे लोखंडी तळाचं, दोऱ्यांनी बांधायचं पायताण होतं. जपानात एकोणिसाव्या शतकापर्यंत घोड्यांना भाताच्या पेंढ्याच्या चपला घालत. त्या लवकर झिजत, म्हणून प्रवासात जास्तीचे जोड बरोबर ठेवत.

आजचा रबरी बूट त्याच घराण्यातला. 1970च्या दशकात अमेरिकेत तो लांब पल्ल्याच्या घोडदौडींतून पुढे आला. कॅलिफोर्नियात 1955 पासून एका दिवसात 100 मैलांची डोंगरी दौड होते. अशा वाटेवर नाल निघाली तर बदली म्हणून बूट जवळ ठेवत. पुढे काहींनी नाल सोडून बूटच धरला. काम असेल तेव्हा चढवायचा, परतल्यावर काढायचा. खूर टेकताना किंचित पसरतो, तळाचा मऊ त्रिकोणी भाग दाब घेतो आणि पायातल्या रक्ताभिसरणाला मदत होते. लोखंडात ही हालचाल आखडते, रबरात बरीचशी राहते.

मात्र बूट करून पाहणं सोपं नाही. आधी खूर तासायचा, मग रुंदी आणि लांबी मिलिमीटरमध्ये मोजायची. पुढचे खूर गोलसर, मागचे निमुळते, त्यामुळे एकाच घोड्याला दोन मापं लागू शकतात. पहिल्या दिवशी सपाटीवर थोडा वेळ चालवून टाचेचा मांसल भाग बघायचा. केस उडाले असतील, कातडी गरम किंवा लाल असेल तर माप चुकलं. मग दुडकी चाल, मग चढ-उतार. ढिला बूट गरगर फिरतो, घट्ट बूट सोलतो. आत वाळू शिरली तर जखम होते. आष्टीच्या पावसाळ्यातल्या काळ्या चिखलात तर बूट मातीतच राहील आणि घोडा पुढे जाईल.

मग असा बूट महाराष्ट्रात कुठे विचारात घ्यावासा वाटेल? माथेरानला. ह्यू मॅलेट या ठाण्याच्या कलेक्टरने 1850 साली ही जागा इंग्रजांच्या नजरेत आणली. मोटारींना बंदी असल्याने इथे चारशेहून अधिक घोडे आजही माणसं आणि माल वाहतात. वाटा तांबड्या मातीच्या आणि जांभ्या दगडाच्या. खडबडीत असल्या तरी लोखंडी नालेला पकड देणाऱ्या. धूप थांबावी आणि रस्ता टिकावा म्हणून मुख्य वाटेवर पेव्हर ब्लॉक बसवायला सुरुवात झाली आणि घोडे घसरू लागल्याची तक्रार घोडेवाल्यांनी केली. गुळगुळीत उतारावर ओले ब्लॉक आणि त्यावर लोखंड. घसरण्याला आणखी काय लागतं? प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. फेब्रुवारी 2023 मध्ये ब्लॉक बसवणं थांबवलं गेलं. ऑगस्ट 2025च्या निकालात दस्तुरी नाक्यापासून शिवाजी पुतळ्यापर्यंतच्या मुख्य रस्त्यावर ब्लॉकना परवानगी मिळाली. आतल्या आणि पदभ्रमणाच्या वाटा वगळल्या गेल्या.

त्या मुख्य रस्त्यावर घोड्यांनाही चालायचं आहे. कोरड्या दिवसांत रबरी तळ लोखंडापेक्षा नक्कीच बरी पकड देईल. पण एका घोड्याला चार बूट लागतील, ते झिजतील, माथेरानच्या पावसात भिजतील, रोज काढून धुवावे लागतील. दिवसभर फेऱ्या मारणाऱ्या घोड्याच्या टाचेला ते सोसतील का, हे एकेका घोड्यावर करूनच बघावं लागेल. नालबंदाचं कामही संपणार नाही. बूट घालायचा तरी खूर तासलेलाच हवा.

‘घोडं मेलं ओझ्यानं आणि शिंगरू मेलं येरझाऱ्यानं’ ही म्हण सांगताना आपण ओझं आणि येरझारा मोजतो, वाट मोजत नाही. माथेरानला ओझं तेच आहे, येरझाराही त्याच आहेत. बदलली ती वाट, आणि ती घोडेवाल्याने बदललेली नाही. मोहिमेवर पाठवणाऱ्याने नालबंदी आगाऊ मोजायची, हा तीनशे वर्षांपूर्वीचा शहाणपणा इथे लागू पडतो. रस्त्याच्या अंदाजपत्रकात ब्लॉकचा दर असतो, मजुरीचा असतो. त्याखाली घोड्यांच्या पायांसाठी एक ओळ टाकायला कुठल्या नव्या शोधाची गरज नाही. त्या ओळीला नाव आपल्याकडे आधीपासूनच आहे.