खटका कुठे आहे?

इतिहासाच्या पुस्तकात हत्यारं फार लवकर येतात आणि तितक्याच लवकर निघून जातात. 'पिस्तुलातून गोळ्या झाडल्या' एवढं एक वाक्य, की पुढे खटला, फाशी आणि सनावळी. मी वर्गात हे शिकवत असे तेव्हा मुलं हमखास विचारायची, "सर, गोळ्या किती होत्या?" एखादा चुणचुणीत पोरगा त्याच्या पुढचं विचारायचा, "संपल्या असत्या तर?" मला हा दुसरा प्रश्न नेहमीच जास्त मोलाचा वाटत आला. त्याचं उत्तर पिस्तुलाच्या अंगावरच लिहिलेलं असतं, फक्त कुठे बघायचं ते माहीत हवं.

आमच्या भोकरकडची जुनी माणसं 'भरमार' म्हणायची, म्हणजे ठासणीची बंदूक. नळीत तोंडाकडून दारू ओतायची, चिंधी कोंबायची, छर्रे टाकायचे, गजाने ठासायचं आणि मग एक बार. तो चुकला की पुन्हा पहिल्यापासून सगळं. पुढे सहा घरांचं रिव्हॉल्व्हर आलं. आणि १८९० नंतरच्या दशकात युरोपात एक नवीच गोष्ट निघाली, आपोआप भरणारं पिस्तूल. यात गोळी उडाली की तिच्याच धक्क्याने वरचा भाग मागे सरकतो, रिकामं टरफल बाहेर फेकतो आणि परत पुढे येताना नवं काडतूस नळीत ढकलतो. प्रत्येक गोळीला चाप मात्र वेगळा ओढावा लागतो.

ही काडतुसं एका चपट्या पत्र्याच्या डबीत एकावर एक रचलेली असतात. खाली स्प्रिंग, ती त्यांना वर रेटत असते. ही डबी म्हणजे मॅगझिन. ती मुठीत खालून सरकवायची. आता गंमत बघा. डबी नेमक्या उंचीवर बसायला हवी. ती जराशी खाली उतरली, तर पुढे येणारा भाग काडतुसाच्या डोक्यावरून निघून जातो आणि नळी रिकामीच राहते. म्हणजे डबी घट्ट धरून ठेवणारा काहीतरी खटका हवा. पण गोळ्या संपल्यावर तीच डबी चटकन सुटायलाही हवी. घट्ट धर आणि चटकन सोड, अशा दोन उलट मागण्या त्या एवढ्याशा लोखंडाकडून केल्या जातात. घरातल्या दाराच्या कडीचंही दुसरं काय असतं म्हणा!

यावर दोन मुख्य तोडगे निघाले.

पहिला तोडगा मुठीच्या तळाशी, मागच्या बाजूला. तिथे स्प्रिंगवर दाबलेली एक जीभ असते आणि ती डबीच्या बुडाची कड अडकवून धरते. अंगठ्याने ती जीभ मागे ढकलायची आणि दुसऱ्या हाताने डबी ओढून काढायची. यात दोन्ही हात गुंततात, वेळ लागतो. पण खिशात, गर्दीत, धक्काबुक्कीत ती चुकून सुटणं फार अवघड. शिवाय डबी हातातच येते, जमिनीवर पडून हरवत नाही.

दुसरा तोडगा म्हणजे चापाच्या मागे, मुठीच्या बाजूला असलेली कळ. तिला जोडलेला दात डबीच्या कुशीतल्या खाचेत बसतो. अंगठ्याने कळ दाबली की दात बाजूला होतो आणि डबी बहुधा आपल्याच वजनाने खाली पडते. तोवर दुसऱ्या हातात नवी डबी तयार असते. अर्थात कळ चुकून दाबली गेली तर डबी चिखलात, आणि नळीत भरलेली असेल तर गोळी एकच!

थोडक्यात, पहिला खटका डबी वाचवतो, दुसरा क्षण वाचवतो.

आता हे दोन्ही मार्ग एकाच माणसाने वापरले. जॉन मोझेस ब्राउनिंग, अमेरिकेतल्या यूटा प्रांतातला, १८५५ चा जन्म. बेल्जियममध्ये लिएजजवळच्या हेर्स्टाल गावातल्या एफएन कारखान्यासाठी त्याने १९०० चं छोटं पिस्तूल केलं. काडतूस ७.६५ मिलिमीटरचं, डबीत सात. ते खिशात बाळगायचं हत्यार होतं, म्हणून खटका मुठीच्या तळाशी. पुढे अमेरिकन सैन्याला मोठं पिस्तूल हवं होतं. घोडदळाच्या स्वाराला एका हातात लगाम धरून ते वापरता यावं, ही अपेक्षा. त्यातून १९११ चं कोल्ट आलं, आणि त्यात त्याच ब्राउनिंगने अंगठ्याखाली कळ दिली. कळ ही त्याचीच कल्पना असं मात्र नाही. जर्मनीच्या बोर्चार्टच्या १८९३ च्या पिस्तुलात ती होतीच. आणि सैन्याचं म्हणजे कळ, असाही नियम नाही. रशियाच्या १९५१ च्या माकारोव्हचा खटका तळाशीच आहे. कारागीर तोच असला तरी वापरणारा बदलला की खटक्याची जागा बदलते, एवढं यातून घ्यायचं.

आता या नजरेने नाशिककडे बघू. फेब्रुवारी १९०९ मध्ये लंडनहून चतुर्भुज अमीन निघाला, त्याच्या पेटीच्या चोरकप्प्यात सावरकरांनी पाठवलेली वीस ब्राउनिंग पिस्तुलं होती. २१ डिसेंबर १९०९ च्या रात्री विजयानंद नाट्यगृहात देवलांच्या 'शारदा' नाटकाला आलेल्या कलेक्टर जॅक्सनवर अनंत कान्हेरेने गोळ्या झाडल्या. कान्हेरे त्या वेळी पुरता अठराचाही नव्हता. आणि आपल्या मराठवाड्याशी त्याचं नातं असं, की तो औरंगाबादला शिकत होता, तिथूनच नाशिकला आला. जॅक्सन संस्कृतचा जाणकार, लोक त्याला 'पंडित' म्हणत. पण बाबाराव सावरकरांचा खटला त्याच्याच हातून पुढे गेला होता आणि त्यात त्यांना जन्मठेप झाली होती.

१९०९ पर्यंत बाजारात आलेली ब्राउनिंगची पिस्तुलं घ्या, बेल्जियमची असोत की अमेरिकेतल्या कोल्टची, सगळ्यांचा खटका मुठीच्या तळाशी. म्हणजे भरल्या नाट्यगृहात, माणसं अंगावर येत असताना, डबी बदलणं जवळजवळ अशक्यच. पण तशी वेळ येणारच नव्हती. पोराने परतीचा हिशेबच मांडला नव्हता. तो जागेवर पकडला गेला आणि १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात कर्वे आणि देशपांडे यांच्यासह फासावर गेला. "संपल्या असत्या तर?" याचं उत्तर हेच. पुढचा विचार त्या हत्यारात नव्हता आणि ते हाती घेणाऱ्यातही नव्हता.

चंद्रशेखर आझादांचं उदाहरण याच्या उलट. २७ फेब्रुवारी १९३१ ला अलाहाबादच्या आल्फ्रेड पार्कात ते पोलिसांशी झाडाआडून लढले. तिथे क्षणाक्षणाला किंमत होती. हातात होतं १९०३ च्या नमुन्याचं, .३२ चं, आठ काडतुसांचं कोल्ट. तेही ब्राउनिंगचंच, खटकाही तळाशीच. खिशासाठी बनवलेलं हत्यार लढाईला जुंपलं गेलं होतं.

३० जानेवारी १९४८ ही तारीख आमच्या भागाला दोन कारणांनी आठवते. त्या दिवशी भोकरच्या शेजारच्या उमरीत निजामी राजवटीविरुद्ध लढणाऱ्यांनी बँक लुटली, आणि त्याच संध्याकाळी दिल्लीत गांधीजींची हत्या झाली. ते पिस्तूल इटलीचं बेरेटा, नमुना १९३४, डबीत सात, खटका तळाशी. तीन गोळ्या झाडल्या गेल्या. तिथेही दुसऱ्या डबीचा प्रश्न आला नाही. नाशिक आणि दिल्ली या दोन घटना एका तागडीत घालाव्यात असं मी मुळीच म्हणत नाही. खटक्याला हेतू कळत नाही. तो एवढंच सांगतो, की हे हत्यार लपवून न्यायला सोपं होतं आणि लांबलेल्या लढाईसाठी नव्हतं.

आपल्या सैन्याचं ईशापूरला बनणारं ९ मिलिमीटरचं पिस्तूल ब्राउनिंग घराण्यातलंच. डबीत तेरा काडतुसं आणि खटका अंगठ्याखाली. लढणाऱ्याने परत यावं, अशी त्यामागची अपेक्षा आहे.

असो. प्रयागराजच्या संग्रहालयात आझादांचं पिस्तूल ठेवलेलं आहे. कधी गेलात तर नळीकडे सगळेच बघतात, तुम्ही मुठीचा तळ बघा. सोबत नातवंडं असतील तर ती विचारतीलच, गोळ्या किती होत्या. त्यांना आकडा सांगा, आणि मग विचारा, संपल्यावर काय झालं असतं? इतिहासाचा तास तिथून सुरू होतो.