मान आणि अंतर

शिरूर अनंतपाळला मी चित्रकला शिकवतो. पाचवीतल्या पोरांना शेत काढायला सांगितलं की आई लिंबाच्या झाडाएवढी येते आणि बांधावरचा वाटसरू बोटभर. मी त्याला चूक म्हणत नाही. मध्ययुगातला कलावंतही असंच मोजायचा. ज्याचा मान मोठा, त्याचा आकार मोठा.

शेजारच्या निलंग्यात बाराव्या-तेराव्या शतकातलं नीलकंठेश्वराचं देऊळ आहे. तिथली हरगौरी बघा. शिव ऐसपैस, मांडीवरची गौरी त्याच्या मानाने लहान. मूर्तिकाराला प्रमाण कळत नव्हतं असं नाही. त्याच्या हाताशी तालमान होतं. चेहरा हे माप धरायचं, त्याच्या पटीत अंग घडवायचं. कोणत्या मूर्तीला किती ताल, हे शास्त्रात ठरलेलं. त्याच्याही सात शतकं आधी अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात बुद्ध असाच भव्य रंगवला, पुढ्यात यशोधरा आणि राहुल चिमुकले. युरोपातही तीच रीत होती. चित्राचा खर्च देणारा भक्त मेरीच्या पायाशी वीतभर दिसायचा.

१४२७ च्या सुमारास फ्लॉरेन्सच्या एका चर्चमध्ये मसाच्चोने ‘ट्रिनिटी’ हे भित्तिचित्र रंगवलं. त्यात गुडघे टेकून बसलेलं दात्यांचं जोडपं मेरीच्याच मापाचं आहे. प्रबोधनकाळातली ही मला सगळ्यात मोठी उडी वाटते. आता आकार ठरू लागला तो अंतरावरून. बघणारा एका जागी उभा, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर क्षितिजरेषा, मागे जाणाऱ्या कडा एका बिंदूत मिळालेल्या. १४३५ मध्ये आल्बेर्तीने हे नियम लिहून काढले. १४७२ मध्ये लिओनार्दोचं नाव फ्लॉरेन्सच्या चित्रकारसंघात नोंदलं गेलं. त्याच साली इकडे बिदरला महमूद गावानचा मदरसा पुरा झाला, रंगीत फरशांवर वेली आणि अक्षरं मिरवणारा. त्या सपाट नक्षीत अंतराचा प्रश्नच नव्हता.

आपल्याकडे क्षितिजरेषेचा हा अभ्यास रुजवला १८५७ साली सुरू झालेल्या मुंबईच्या जे. जे. स्कूलने. एलिमेंटरी चित्रकला परीक्षेच्या वस्तुचित्रात घागरीचं तोंड लंबगोल काढायला मी शिकवतो, ते तिथूनच आलेलं.

त्याच जे. जे.च्या विद्यार्थ्यांना घेऊन जॉन ग्रिफिथ्सने १८७२ पासून अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती केल्या. सोळाव्या लेण्यातल्या मरणासन्न राजकन्येच्या चित्राबद्दल त्याचं मत असं की, रेखाटन फ्लॉरेन्सवाल्याचं सरस ठरेल, रंग व्हेनिसवाल्याचा, पण भाव याहून खोल कुणालाच उतरवता येणार नाही. भावाचं पटतं, रेखाटनाचं पटत नाही. तिच्या ढळत्या मानेची रेषा याहून नेमकी कुणी काढली असती, असं मला वाटत नाही.