'चूल' : एका घरगुती शब्दाचा अर्थेतिहास

प्रस्तावना :
महाराष्ट्रातील कुटुंबव्यवस्थेचा इतिहास प्रामुख्याने वतनपत्रे, महजर व वाटणीपत्रे यांच्या आधारे अभ्यासला जातो. तथापि, ज्यांच्या नावे कोणतेही दप्तर नाही अशा सामान्य कुटुंबांच्या बाबतीत बोलीतील शब्द हेच महत्त्वाचे साधन ठरते. या दृष्टीने 'चूल' हा शब्द विचारात घेण्याजोगा आहे.

व्युत्पत्ती :
संस्कृत 'चुल्ली' या शब्दापासून मराठी 'चूल' सिद्ध झाला. हिंदीतील 'चूल्हा' व गुजरातीतील 'चूलो' हे त्याच कुळातील होत. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात चुल्ली ही गृहस्थाच्या पाच 'सूनां'पैकी, म्हणजे नकळत जीवहिंसा घडणाऱ्या स्थानांपैकी एक मानली असून, त्या दोषाच्या निवारणार्थ पंचमहायज्ञ सांगितले आहेत. 'चुलता' हा शब्द मात्र 'चूल वेगळी असलेला' या अर्थाने आलेला नाही. त्याचे मूळ 'क्षुल्लतात', म्हणजे धाकटा पिता, या शब्दात आहे.

कुटुंबवाचक अर्थ :
चूल म्हणजे अन्न शिजविण्याचे साधन, हा मूळ अर्थ. त्यावरून 'एकत्र जेवणारे कुटुंब' हा लाक्षणिक अर्थ रूढ झाला. 'चूल वेगळी करणे' म्हणजे विभक्त होणे. 'चुलीला अक्षत' म्हणजे घरातील सर्वांना आमंत्रण. 'घरोघरी मातीच्या चुली' या म्हणीत तर चूल आणि संसार यांत भेद उरत नाही. येथे कुटुंबाची सीमा रक्ताने वा छपराने नव्हे, तर सामाईक अन्नाने ठरते. भारतीय जनगणनेतही सामान्यतः एकत्र राहणाऱ्या व एकाच स्वयंपाकघरातील अन्न घेणाऱ्या व्यक्तींचा समूह म्हणजे कुटुंब, अशी व्याख्या असून त्यासाठी नातेसंबंधाची अट नाही. याउलट, हिंदू एकत्र कुटुंबाच्या कायद्यात केवळ अन्न वा निवास वेगळा झाल्याने वाटणी सिद्ध होत नाही. त्यासाठी हितसंबंध विभक्त करण्याचा स्पष्ट हेतू लागतो. लोकव्यवहारात चुलीबरोबर घर दुभंगते, कायद्यात मात्र जमीन अविभक्तच राहू शकते. भाऊबंदकीच्या अनेक तंट्यांचे मूळ या विसंगतीत आढळते.

स्त्री आणि चूल :
'चूल आणि मूल' या शब्दप्रयोगात हाच शब्द बंधनवाचक होतो. कुटुंबाची ओळख ज्या चुलीवरून ठरली, ती राखणाऱ्या स्त्रीला त्या कुटुंबाच्या मालमत्तेत दीर्घकाळ बरोबरीचा वाटा नव्हता. महाराष्ट्रात 1994 च्या व देशभरात 2005 च्या कायदादुरुस्तीने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत सहदायिकी हक्क मिळाला. धुराचा त्रास मात्र पिढ्यान्‌पिढ्या तिच्याच वाट्याला आला. निर्धूर चुलींचा प्रसार आणि 2016 मध्ये सुरू झालेली उज्ज्वला योजना हे त्यावरील शासकीय उपाय होत.

निष्कर्ष :
गॅसच्या प्रसारामुळे शहरी घरांतून मातीची चूल जवळजवळ नाहीशी झाली. 'चुलीवरचे जेवण' ही आता उपाहारगृहांची जाहिरात बनली आहे. दुसरीकडे, हंगामात स्थलांतर करणारा ऊसतोड कामगार फडाजवळ तीन दगड मांडतो आणि तेथेच त्याचे बिऱ्हाड उभे राहते. एकाच शब्दाला एकीकडे हौसेचा, तर दुसरीकडे निर्वाहाचा अर्थ आहे. म्हणून कुटुंबाच्या इतिहासात वाटणीपत्रांच्या जोडीने अशा शब्दांचीही साक्ष नोंदविणे आवश्यक ठरते. कारण मिळकत नसलेल्यांची वाटणी कागदावर उतरत नाही; ती केवळ चुलीच्या भाषेतच शिल्लक राहते.