बसले म्हणजे सोसले नव्हे

भाईंदरला पत्र्याच्या चकतीतून स्टीलचा डबा ओढतात, हे खारीकरांना सांगायला नको. काडतुसाची पितळी पुंगळीही अशीच ओढतात. १८६९ साली स्थापन झालेल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यातले हे काम.

रिकामी पुंगळी हाताने पुन्हा भरण्याची रीतही जुनी. वेब्ली रिव्हॉल्व्हर १८८७ साली ब्रिटिश सैन्यात आले ते काळ्या दारूच्या काळात. पुंगळी भरली की माप झाले! पण १८८४ सालीच फ्रान्समध्ये पॉल व्हिएय याने बिनधुराची दारू काढली होती. तिची चिमूट पुरते. जुन्या मापाने ती भरली, तर गोळ्यांचे चक्र हातातच फुटायचे.

दुसऱ्या महायुद्धानंतर सैन्याने मोडीत काढलेली वेब्ली अमेरिकेत विकली गेली. तिचे .४५५ इंची काडतूस तेथे दुर्मीळ. म्हणून चक्राची पाठ तासून .४५ ऑटोमॅटिकचे काडतूस बसवले. बसले खरे, पण त्याचा दाब वेब्लीला नेमलेल्या दाबाहून पुष्कळ अधिक. जाणत्यांनी मग शिशाची गोळी आणि हलका भरणा पत्करला.

आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र अधिनियमाने परवान्यावाचून काडतूस बनवणे गुन्हा आहे, आणि आम्ही काही बंदुकीचे शौकीन नव्हे. आम्हाला यात कारखाना दिसतो. जुन्या प्रेसवर जाड पत्रा चढवताना मालक म्हणतो, “बसतो की!” बोटे मात्र कामगाराची जातात. यंत्रात काय बसते हे कोणीही पाहील. त्याला काय सोसते, हे आपण विचारले पाहिजे.