गवंड्याची जबाबदारी

घर बांधायला काढले की आपण कंत्राटदाराचा दर ठरवतो. भिंत कलली तर भुर्दंड कोणाचा, हे कागदावर क्वचितच उतरते. इसवी सनापूर्वी १८ व्या शतकात बॅबिलोनचा राजा हम्मुराबी याने दोन्ही गोष्टी कायद्यात घातल्या. हा कायदा कोरलेला पाषाणस्तंभ १९०१ साली इराणातील सुसा येथे सापडला. सुमारे ३६ चौरस मीटर बांधकामास दोन शेकेल, म्हणजे साधारण १७ ग्रॅम चांदी, ही गवंड्याची मजुरी. कच्च्या कामामुळे भिंत झुकली, तर ती त्याने स्वखर्चाने पक्की करावयाची. घर कोसळून मालकाचा मुलगा दगावला, तर गवंड्याच्या मुलास देहदंड! बापाच्या चुकीसाठी निरपराध मुलाचा बळी घेणारा हा न्याय कोणास मान्य होईल? परंतु दर ठरवतानाच जबाबदारीही ठरवावी, हे त्या दगडावरचे शहाणपण आपण अद्याप पुरते उचललेले नाही.