प्राध्यापक गोखले

गोपाळ कृष्ण गोखले यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक येथे झाला. वडील कागल संस्थानात नोकरीला होते. १८७९ मध्ये ते वारले, तेव्हा थोरले बंधू गोविंदराव यांनी शिक्षण सोडून कागललाच पंधरा रुपयांची नोकरी धरली. त्यातले आठ रुपये दरमहा कोल्हापूरला, धाकट्या भावाच्या शिक्षणासाठी जात. मॅट्रिकनंतर राजाराम कॉलेज, पुण्याचे डेक्कन कॉलेज आणि मुंबईचे एल्फिन्स्टन अशी वाट काढत गोपाळराव १८८४ मध्ये बी.ए. झाले.

घरची ओढाताण पाहता सरकारी नोकरी किंवा वकिली हाच सरळ मार्ग होता. ते मात्र पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक झाले आणि १८८६ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य. म्हणजे दरमहा ७५ रुपयांवर वीस वर्षे सेवेचे बंधन. फर्ग्युसन कॉलेजात त्यांनी आधी इंग्रजी शिकवले. १८९० मध्ये गणित शिकवणारे टिळक संस्थेतून बाहेर पडल्यावर ते वर्ग गोखल्यांकडे आले, पुढे इतिहास आणि अर्थशास्त्रही. लागेल तो विषय तयार करून शिकवणारा माणूस, अशी त्यांची ख्याती झाली. त्यांचे अंकगणिताचे पुस्तक तर अनेक वर्षे शाळांतून चालले.

वर्गाबाहेरची तालीम न्यायमूर्ती रानडे यांच्या हाताखाली झाली, आणि ती वर्गापेक्षा कडक होती. सरकारी अहवाल, जमाखर्चाचे तक्ते वाचायचे, टिपणे काढायची, रानड्यांनी खोडली की पुन्हा लिहायची. १८९७ मध्ये लंडनला, भारतातील सरकारी खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे गोखल्यांनी साक्ष दिली, तेव्हा उलटतपासणीत ते टिकले ते याच बळावर.

१९०२ मध्ये ते कॉलेजातून निवृत्त झाले आणि त्याच वर्षी मार्चमध्ये केंद्रीय कायदेमंडळात अर्थसंकल्पावर पहिले भाषण झाले. सरकार शिलकीची बढाई मारत होते. गोखल्यांनी हिशेब मांडला: रुपया घसरला होता त्या काळात वाढवलेले कर रुपया सावरल्यावरही तसेच चालू आहेत, तेव्हा ही शिलक भरभराटीची नसून जादा वसुलीची आहे. मिठावरचा कर कमी करण्याचा त्यांचा आग्रह होता. १९०३ पासून तो टप्प्याटप्प्याने उतरला. त्याचे सगळे श्रेय एका भाषणाला देणे अतिशयोक्तीचे होईल, पण सरकारचेच आकडे सरकारपुढे ठेवण्याची ही रीत त्या सभागृहाला नवी होती.

१९०५ मध्ये त्यांनी भारत सेवक समाज स्थापन केला. तिथे तर आजन्म सेवा आणि बेताचे वेतन अशी अट होती. त्याच वर्षी ते बनारसच्या काँग्रेसचे अध्यक्ष झाले. मार्च १९११ मध्ये त्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक आणले. सक्ती एकदम देशभर नव्हे, तर ज्या भागात मुलांची ठरावीक टक्केवारी आधीच शाळेत आहे तिथेच, तीही स्थानिक संस्थेने ठरवली तर. इतके सावध विधेयकही पुढल्या वर्षी १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी गोखले पुण्यात वारले. मुंबई इलाख्यातील नगरपालिकांना सक्तीचे शिक्षण लागू करण्याचा अधिकार देणारा विठ्ठलभाई पटेलांचा कायदा १९१८ मध्ये झाला.