जुन्या फियाटचा बूस्टर: वस्तू वाचायची कशी?

वाकडच्या एखाद्या सोसायटीत साठच्या दशकातली फियाट 1100 उभी दिसली, तर मालकाला बॉनेट उघडायला सांगा. ब्रेकच्या लाइनवर काळा गोल डबा असेल, तर तो कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातला नाही, नंतर बसवलाय. हा व्हॅक्यूम बूस्टर. पोथ्या अभ्यासणारे याला प्रक्षेप म्हणतील.

आता तुम्ही म्हणाल, तेव्हा हे तंत्रच नसेल. होतं की! बेल्जियमच्या आल्बेर देवांद्रच्या शोधावरून बॉशने 1927 मध्येच सर्व्हो ब्रेक बाजारात आणला. 'भारत मागे होता' हे उत्तर सोपं आहे, म्हणूनच त्यावर संशय घ्या. खरं कारण ड्रममध्ये आहे. फिरणारा ड्रम ब्रेक-शूला स्वतःच ओढून घेतो, त्यामुळे पायाला मदत मिळते. डिस्कमध्ये ही ओढ नाही, म्हणून तिथे बूस्टरची गरज जास्त. इटलीत 1966 च्या 1100 आर मॉडेलला पुढे डिस्क आल्या. आपण परवाना-राजमध्ये ड्रमवरच राहिलो. गिऱ्हाईक वर्षानुवर्षं रांगेत उभं असताना कंपनी कशाला बदल करेल?

बूस्टरचं गणित करून बघा. सात इंची पडद्याचं क्षेत्रफळ साधारण 248 चौरस सेंटिमीटर. इंजिनाच्या ओढीने दाबात 0.6 किलो प्रति चौरस सेंटिमीटर फरक पडला, तर जवळपास 150 किलोचा जोर फुकट! पण टायरची पकड त्याने वाढत नाही, आणि खंडाळ्याच्या घाटात तापलेला ड्रमही गार होत नाही. नुसता बूस्टर लावून 'गाडी सेफ झाली' म्हणणाऱ्यांशी मी तरी सहमत नाही.

इथे कायदाही आडवा येतो. मोटार वाहन कायदा 1988, कलम 52. त्यावर सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी 2019 चा कडक निकाल. 2021 च्या नियमांनुसार 50 वर्षांपेक्षा जुनी गाडी 'विंटेज' ठरते, मूळ रूपात असली तर. चॅसी, बॉडी, इंजिन यांचा उल्लेख त्यात आहे, ब्रेकचा नाही. मग बूस्टरवाली गाडी मूळ म्हणायची का? प्रबंधाचा एक विषय इथेच पडलाय.

मालकाची आठवण, आरसी बुक, गॅरेजचं बिल हे सगळं तपासाच. पण आधी इनटेक मॅनिफोल्डला नळीसाठी पाडलेलं भोक शोधा. डबा काढून टाकला तरी ते तिथेच राहतं.